न वाळलेली नदी

पूर ओसरला की महाडात पाखरांच्या आधी फावडी बोलायला लागतात. जो तो आपल्या दारातला गाळ ओढतो आणि शेजाऱ्याच्या हद्दीत नेऊन सोडतो. शेजारी शिव्या घालत तो पुढच्याच्या दारात ढकलतो, आणि असा तो गाळ गल्लीभर भांडणं लावत अखेर नदीवर पोचतो. पाणी चढलं म्हणून दुसऱ्यांच्या माडीवर राहायला गेलो होतो, ते काल घरी आलो. सकाळपासून गाळ ओढते आहे. हात भरून आले म्हणून जरा बसले.

ह्या गाळाला वास असतो. कुजलेला पेंढा, मेलेली मासळी, कुणाच्या तरी वाहून आलेल्या गोठ्यातलं शेण. पण मला त्यात दर वर्षी आणखी एक वास येतो, जवसाच्या तेलाचा. ह्यांच्या रंगात घालायचं ते तेल, पण गाळात त्याचा थेंबही नसतो. सासूबाईंना म्हटलं तर म्हणाल्या, "तेल कुठलं गो इंदे? चिखल हाय तो. तुझं नाक त्या साली बिघडलं ते बिघडलंच."

त्या साली म्हणजे ज्या पावसाळ्यात आमच्या पुढच्या खोलीत नदी उभी होती आणि काही केल्या वाळत नव्हती, त्या साली.

मी लिहिते ते कुणी वाचावं म्हणून नव्हे. पोलादपूरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. अक्षर बरं होतं म्हणून मास्तर फळ्यावर सुविचार लिहायला लावत, आणि तोच वर्गाकडे तोंड करून वाचायला सांगितला की मला घाम फुटे. अजून तसंच आहे. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. कागदाला डोळे नसतात, म्हणून बरं.

आमचे हे चित्रं काढतात. मुंबईला राहून तैलरंगाचं काम शिकले आणि सासरे गोदीत नोकरीला तिकडेच राहिले तरी हे मात्र महाडला परत आले. देवादिकांच्या तसबिरी, दुकानांच्या पाट्या, नाटक कंपन्यांचे पडदे, जे येईल ते काम. त्यांचा नदीकाठाचा पडदा तर फार नावाजलेला. निळं पाणी, वर कमळं, दोन हंस, पलीकडे देऊळ. हंसांच्या माना इतक्या सारख्या की सासूबाई म्हणत, एकाच आईची पोरं दिसतात. स्वभावाने हे लोण्यासारखे. शेजारी कोंबडं कापायला घेतलं की हे मागच्या परसात जाऊन उभे राहत. लग्न होऊन मी आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, ह्या घरात माझ्यापेक्षा जास्त लाजणारं माणूस आहे.

मग करीमशेठ आले. लाकडाचे व्यापारी. पोलादपूरच्या वरच्या रानातलं लाकूड त्यांचं. आदल्या वर्षीच्या पुरात त्यांचा धाकटा भाऊ हसन गेला होता. नदीकाठी रचलेले ओंडके पाण्याने हलायला लागले, ते बांधायला तो उतरला. ओंडके गडगडले आणि त्याला घेऊनच गेले. हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं.

मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

शेठ म्हणाले, "मास्तर, मला नदी काढून पायजे. भिंतभर."

"काढतो की. घाट, देऊळ, दोन होड्या..."

"देऊळ नको, होडी नको. माणूस तर नकोच. आमच्यात घरात माणसाची तसबीर लावत नायत. लावत असते तर मी हसनचीच नसती का काढून घेतली?" ते दाराबाहेर, नदीच्या बाजूला बघू लागले. "त्याची कबर नाय, मास्तर. खाडीच्या तोंडाशी, बाणकोटापर्यंत माणसं धाडली, मढं नाय गावलं. आता जिनं त्याला नेलं तिचं तोंड तरी मला बघू दे. समोर टांगेन. जेवताना बघेन."

ह्यांनी हातातला कुंचला खाली ठेवला.

"तुमची सासुरवाडी पोलादपूरकडचं कापडं गाव. तिथून ती जागा लांब नाय. जाऊन बघा आन मग काढा. पाणी खोटं नको. खोटं असलं तर मला एका नजरेत कळेल. मी ती बघितलीय."

शेठ गेल्यावर हे कितीतरी वेळ आपल्याच पडद्याकडे बघत राहिले. एका कंपनीचा तो पडदा रंग उडाला म्हणून दुरुस्तीला आला होता. मग मला म्हणाले, "इंदू, हे पाणी बघ. ह्यात कधी कुणी बुडेल का?"

मी मान हलवली.

"हे जमलं नाही तर मी चित्रकार नव्हे. पाट्या रंगवणारा. मग पाट्याच रंगवीन."

ते शांतपणे म्हणाले, पण मला ते आवडलं नाही. पाट्या रंगवणारा नवरा मला चालला असता. पण हे जे म्हणाले ते स्वतःचं मरण ठरवल्यासारखं म्हणाले. आणि झालंही तसंच. तो पावसाळा संपेपर्यंत मला एकच धास्ती होती, की हे चित्र पुरं होईल तेव्हा ह्यांच्यातलं काही उरलेलं असेल का.

आम्ही कापड्याला गेलो तेव्हा लावणी आटपत आली होती. माझ्या बाबांना जावई नदी बघायला आलाय हे समजेना.

"जावयबापू, नदी काय पळून नाय जात. दिवाळीत या. निवांत बसलेली आसते. तवा हवी तेवढी काढा."

"दिवाळीतल्या नदीने हसनला नाही नेलं, मामा."

बाबा उठून म्हशीचा कासरा घेऊन आले आणि तो ह्यांच्या कमरेला बांधला. दुसरं टोक एका ऐनाच्या बुंध्याला वेढा देऊन स्वतःच्या हातात धरलं, आणि मागे मला उभं केलं. असे आम्ही रोज जात होतो. पुढे खडकावर कमरेला दोर बांधलेले हे, मागे इरलं पांघरलेले बाप-लेक. बांधावरून जाणाऱ्या बाया थांबून बघत. एकदा एकजण म्हणाली, "इंदे, चरायला सोडलास काय गो दादल्याला?" सगळ्या हसल्या. मी इरल्यात तोंड घातलं.

ती जागा मी लहानपणापासून बघितली होती, पण अशी नव्हती बघितली. उन्हाळ्यात तिथे आम्ही गोधड्या धुवायचो. आता नदी मधोमध उंच झाली होती, काठापेक्षा वर, चिडलेल्या रेड्याच्या पाठीसारखी. रंग काव कालवलेल्या ताकाचा. आणि त्या मोठ्या खडकाच्या खालच्या अंगाला एक लाट होती. ती जागची हलत नव्हती. पाणी तिच्यातून धावत होतं आणि ती तिथेच, जबडा उघडून. झाडं येत, मुळं वर करून. त्या लाटेत शिरत, उभी राहत आणि दिसेनाशी होत. एकदा आख्खं छप्पर आलं, पेंढ्याचं, त्यावर एक कोंबडी बसलेली. छप्पर लाटेत गेलं आणि पलीकडे नुसता पेंढा निघाला.

मग एके दिवशी म्हैस आली. जिवंत. नाकपुड्या वर धरलेल्या, गळ्यात तुटलेला दोर. ती काठाकाठाने आली तेव्हा तिने आमच्याकडे पाहिलं. जनावर माणसाकडे पाहतं तसंच, दावणीवरून पाहतं तसं. बाबा ओरडले, काय ते मला आठवत नाही. पाण्याने तिला खडकावर एकदा मारलं. मग पुन्हा मारलं. त्या आवाजात हाडं मोडल्याचं ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तिची शिंगं आकाशाकडे वळली आणि नंतर आभाळ तिथंच राहिलं, शिंगं गेली.

तेवढ्यात दोर ताणला. हे पुढे सरकले होते. म्हशीला धरायला नव्हे. बघायला. खडकाच्या अगदी कडेला वाकून ते त्या लाटेच्या पोटात बघत होते. माझ्या हातातून कासरा सरकला आणि तळव्याची साल निघाली. आम्ही दोघांनी मागे ओढलं. हे खडकावर आपटले आणि तिथूनच ओरडले, "सोडा! दिसतंय मला. सोडा दोर!"

बाबा म्हणाले, "सोडतो. आधी माझ्या पोरीचं कुंकू हितं ठेवा आन मग जा."

मी ह्यांचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला. घरात मोठ्याने पाणीसुद्धा न मागणारा माणूस. मला वाटलं, काय दिसलं असेल ह्यांना तिथे? आणि जे दिसलं ते आता ह्यांच्या पाठोपाठ आपल्या घरी येणार.

ते आलंच. महाडला परतल्यावर पुढच्या खोलीत लाकडी घोड्यावर मोठं कापड उभं राहिलं. पिवळी माती, काव, काजळी, सफेदा. निळ्या रंगाची नळी ह्यांनी फडताळावर टाकून दिली. मुंबईला शिकवलं होतं की पाण्याला स्वतःचा रंग नसतो, आभाळाचा पडतो तो रंग काढायचा. हे मला सांगत, म्हणजे माझ्याकडे न बघता भिंतीला सांगत, की ह्या पाण्यात आभाळ पडतच नाही. हे काही आत घेत नाही आणि काही दाखवतही नाही. मग काढायचं कसं? सकाळी काढत आणि दुपारी रंगाच्या सुरीने खरवडून टाकत. जमिनीवर नदीची सालपटं पडत. ती माझ्या तळपायांना चिकटून सगळ्या घरभर जात, चुलीपर्यंत. भाताच्या पातेल्यालासुद्धा टर्पेंटाइनचा वास. सासूबाई जेवताना नाक दाबून म्हणत, "दत्तू, नदी तरी एक दिस उतरते रे. तू कधी उतरणार?"

पहिल्यांदा ह्यांनी कुंचला मोडला तेव्हा मी दचकले. मग सवय झाली. तांब्या भिंतीवर फेकला. दाराच्या फळीवर मूठ आपटून बोटं सुजवून घेतली आणि त्याच बोटांत पुन्हा कुंचला धरला. एक मांजर होतं, ह्यांच्याच मांडीवर झोपायचं. त्याने ओल्या रंगाला अंग घासलं, तर ह्यांनी त्याला लाथ मारली. ते भिंतीवर आपटलं, उठलं, शांतपणे चालत बाहेर गेलं आणि पुन्हा आमच्या घराकडे फिरकलं नाही. मला त्या मांजराचा हेवा वाटला होता, हे इथेच लिहिता येतं.

आणि रंग वाळत नव्हता. कोकणातल्या पावसात तेल वाळत नाही. वर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो आणि आत सगळं ओलं. त्या पापुद्र्यावर बुरशी येई, ती मी फडक्याने टिपून घ्यायची. घोड्याखाली कोळशाची शेगडी ठेवायची, फार जवळ नाही, फार लांब नाही. जवळ गेली तर धुराने पिवळं पडतं. दिवसभर माझं तेच काम. कापडाच्या मागच्या बाजूला मी बसलेली, हातात विंझणा. पुढच्या बाजूला हे आणि नदी. ते कुंचला मारत तेव्हा कापड माझ्या तोंडावर थडथडत असे. ढोल बडवावा तसं.

मग एका सकाळी मी चहा घेऊन पुढे गेले आणि दारातच माझा पाय मागे आला.

पाणी आलं होतं. ती मधली उंच पाठ, तो खडक, आणि ती जागची न हलणारी लाट. कसं केलं ते मला कळलं नाही आणि अजूनही कळत नाही. लाटेचा वरचा काठ सुरीने दाट थापलेला, पोट मात्र नुसत्या पातळ अंधारासारखं. हे पाठमोरे उभे होते. ते म्हणाले, "खोटं आहे अजून. पडदाच आहे." चहा तसाच निवला.

सावित्रीला पूर आला आणि त्याच वेळी खाडीला भरती लागली की पाण्याला जायला वाट राहत नाही, मग ते महाडात शिरतं. त्या दिवशी तसंच झालं. गल्लीत पाणी आलं, मग पायऱ्यांवर. आमच्याकडे पाणी घराशी आलं की नदीची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू. बाईमाणूस आहे, रागावून दाराशी आली आहे, तिला मान देऊन माघारी पाठवायचं. पण ओटी वाहत्या धारेला भरायची असते, आणि धारेपर्यंत जाणार कोण? घाट बुडालेला, काठावर उभं राहायची सोय नाही. हे शेजाऱ्यांची भाताची पोती माळ्यावर चढवू लागायला गेले होते. मी आमचं धान्य वर नेत होते.

खाली आले तर सासूबाई पुढच्या खोलीत चित्रासमोर उभ्या. डोक्यावर पदर. हातात सूप. मी बघितलं तोवर त्यांनी हळद लावून झाली होती, कुंकू लावून झालं होतं, आणि मूठभर तांदूळ त्या लाटेवर दाबून बसवत होत्या.

"अहो आई, ओलं आहे ते."

"वलं आसनारच. नदी हाय ती."

"नदी बाहेर आहे."

"बाहेर हाय ते नुसतं साचलेलं पानी. त्याला ना वाट ना धार, त्याची कसली ओटी?" मग चित्राकडे वळून त्या म्हणाल्या, आणि तो आवाज मी कधी विसरणार नाही, इतका तो घाबरलेला होता, "आई, आमचं लेकरू तुझ्या पाठी लागलंय, त्याचं मनावर घेऊ नकोस. घे ही ओटी आन जा माघारी."

हे दारात उभे होते. कमरेपर्यंत भिजलेले.

पुढचं फार भराभर झालं. रंगांची पेटी भिंतीवर फुटली. सूप तुडवलं गेलं. नारळ गडगडत पायऱ्यांवरून पाण्यात गेला. हे सासूबाईंच्या अंगावर धावून गेले, हातात पेटीतली ती रंगाची सुरी होती, मारायला होती की नुसती होती ते मला माहीत नाही, त्यांनाही नसेल. मी मध्ये गेले. मध्ये जायचं ठरवलं नव्हतं, पाय गेले. त्यांनी मला ढकललं. चौकटीची कड माझ्या कपाळाला लागली आणि सगळं क्षणभर पांढरं झालं. मग डोळ्यांत ऊन ऊन काहीतरी उतरलं.

हे माझ्याकडे वळलेच नाहीत. चित्रासमोर गुडघ्यांवर बसून सुरीच्या टोकाने एकेक तांदूळ उकरून काढत होते. तोंडाने नुसते पुटपुटत होते, "माझं पाणी, माझं पाणी."

सासूबाईंनी पदराने माझं कपाळ दाबून धरलं. म्हणाल्या, "तिला लावलेलं कुंकू तुझ्या कपाळावर आलं गो." आणि मग स्वतःच्या बोलण्याने स्वतःच रडल्या.

संध्याकाळी पाणी उतरलं. भरती ओसरली म्हणून उतरलं असेल. सासूबाईंना विचाराल तर अजून सांगतात, "उतरलं का नाय? मग?" शेजारणी जखम बघून म्हणाल्या, काय झालं गो. मी म्हटलं, चिखलात पाय घसरला. ह्या गल्लीत पावसाळ्यात कितीतरी बायकांचे पाय असे घसरतात.

तांदळाचे काही दाणे खोल गेले होते, ते निघाले नाहीत. त्यांवरच ह्यांनी फेसाचा रंग चढवला. कुंकू मात्र तेलात उतरलं होतं. पुसलं तितकं पसरलं. खडकाजवळच्या पाण्याला एक लाली राहिली ती राहिलीच.

पाऊस सरत आला तेव्हा करीमशेठ आले. पाय चिखलाने भरलेले, हातात काठी. सासूबाई मागच्या परसात निघून गेल्या. मी दाराआड. ह्यांनी चित्रावरची चादर काढली आणि बाजूला, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. शिक्षा ऐकायला माणूस उभा राहावा तसे. दाढी वाढलेली, मनगटं माझ्याएवढी बारीक झालेली. मी मनात एवढंच म्हणत होते, की शेठ काहीही म्हणोत, पण आज हे संपू दे.

शेठ चित्राजवळ गेले. काठीचं टोक उचलून, कापडाला न लावता त्यांनी दाखवलं. "हितं होता तो. ह्या खडकाच्या वरच्या अंगाला. मी हिकडं, काठावर. मी म्हटलं, सोड लाकूड, ये वर. तो हसला." त्यांचा आवाज कोरडा होता. "हे लाल काय हाय?"

ह्यांनी खोटं सांगायला हवं होतं. पण हे म्हणाले, "कुंकू. माझ्या आईने ओटी भरली."

"कुणाची?"

"नदीची."

शेठ चित्राकडे वळले. ह्यांच्याकडे त्यांनी बघितलंच नाही. "ओटी," ते हळू म्हणाले. "हसनला खाल्लंस. त्याची पोर चालायला पण लागली नव्हती. आन वर खण-नारळ पायजे तुला?"

आणि त्यांनी काठी मारली. पहिला घाव त्या लाटेवर बसला. कापड फाटल्याचा आवाज झाला, पण ते थांबले नाहीत. मारत राहिले. मध्ये मध्ये शिव्या देत होते, त्या सगळ्या बाईला द्यायच्या शिव्या होत्या. ओला रंग काठीला लागून उडत होता, त्यांच्या सदऱ्यावर, दाढीवर, जमिनीवर. ह्यांच्या गालावरही एक फटकारा उमटला. हे हलले नाहीत. मला वाटलं, आता हे त्यांच्या अंगावर जातील आणि आज कुणीतरी मरेल. मी दाराची कडी धरली. पण हे भिंतीला टेकून नुसते बघत होते, आणि त्यांचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा होत चालला होता.

शेठ थकले तेव्हा थांबले. काठीवर भार देऊन उभे राहिले, धापा टाकत. मग म्हणाले, "माफ करा मास्तर."

"नाही," हे म्हणाले. "नाही शेठ."

"हमाल धाडतो. फाटलेलीच द्या. दुरुस्त करू नका."

त्या दिवशी हे कितीतरी दिवसांनी पाटावर बसून जेवले. दोनदा भात मागून घेतला. मग मला म्हणाले, "बघितलंस तू? त्याने चित्राला नाही मारलं." मी मान हलवली. त्यांना हसू येत होतं. हसता हसता त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं, आणि ते हसू तिथंच अडलं.

"हे कधी लागलं?"

ते विचारत होते. खरोखर विचारत होते.

"पुरात," मी म्हटलं.

"सांभाळायचं ना जरा," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

नवरा मला परत मिळाला. अगदी होता तसा. आवाज खाली, पाऊल हलकं, कोंबडं कापताना परसात. पाणी मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही. शेषशायी विष्णूचं काम आलं तर खाली नुसता पांढरा पट्टा देतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, क्षीरसागर आहे, दूध असंच दिसतं. कधी कधी मी विचार करते. त्या पाण्याला नदी समजून एकीने ओटी भरली आणि एकाने काठीने मारलं. दोघांनी ते खरंच मानलं. त्यातला एक आठवून हे हसले. दुसरीच्या अंगावर धावून गेले, आणि ती त्यांची आई होती. हे मी त्यांना विचारलेलं नाही. विचारायला जी वाट हवी असते ती आमच्यात त्या उन्हाळ्यापर्यंत होती, असं वाटतं. नंतर तिच्यावर गाळ बसला. वरून माणसं जातात-येतात, पण खाली काय आहे ते दिसत नाही.

ह्या वर्षी पाणी आमच्या उंबऱ्यावरूनही आत आलं. गल्लीतली सगळी माणसं वरच्या आळीकडे निघाली आणि करीमशेठनी आपल्या घराची माडी उघडून दिली. पुरुष खाली जिन्यापाशी थांबले, हेही. बायका-पोरं वर. सासूबाई आमच्याच तांदळाच्या पोत्यावर बसून राहिल्या, कशाला हात लावीनात, पाणीसुद्धा पिईनात. शेठच्या घरातली एक बाई, साधी, पांढऱ्या ओढणीची, मूठभर बांगड्यांच्या जागी मनगटं मोकळी, त्यांच्यासमोर येऊन बसली.

"आजी, नारळ देऊ? फोडून नाय, आख्खाच देते. तुमीच फोडा."

सासूबाईंनी विचार केला. "नारळातलं पानी देवानं भरलंय. त्याला काय नाय." आणि मग सबंध नारळ एका दमात प्यायल्या. आजूबाजूच्या बाया हसल्या. ती बाईही हसली. ती जैनब, हसनची बायको. तिची मुलगी आता परकरी वयाची, पोरांना खिडकीपासून मागे ओढत होती.

जैनब मला म्हणाली, "तुमी मास्तरांच्या घरच्या ना? या."

आतल्या खोलीत भिंतभर ती नदी होती. मी तेव्हापासून तिला पाहिलं नव्हतं. मी दारातच थांबले. खाली खरं पाणी घराच्या भिंतीवर आपटत होतं, आणि समोर हे रंगवलेलं. मला आधी वाटलं, माझे डोळे चुकताहेत. फाटलेलं कुठे दिसेना. मग जवळ गेले. लाटेवरून, खडकावरून, त्या लालीतून टाके गेलेले होते. काळ्या दोऱ्याचे, बारीक, एकसारखे, गोधडीला घालतात तसे. काठीचा एक एक घाव तिने शिवून टाकला होता.

"शेठना चाललं?" मी विचारलं. मी आपण होऊन विचारलं, ह्याचं मला नंतर नवल वाटलं.

"भावजी बोलले नायत काय. ते बघतात जेवताना. मला मात्र हितं निजावं लागतं." तिने ओढणी सारखी केली. "फाटलेलं होतं तवर वाटायचं, त्यातनं पानी येल. पोरगी लहान होती. मी रातभर तिला उचलून बसायची. मग एक दिस सुई घेतली."

तिने एक जागा दाखवली, खडकाच्या खालच्या अंगाला. टाका उसवत आला होता. "हा धा वेळा घातला. ऱ्हात नाय. माज्या अंगठ्यात आता जोर ऱ्हायला नाय. तुमी घालता?"

मी नाही म्हणणार होते. तिने दोरा ओवून सुई माझ्या हातात दिलीसुद्धा. मी टोक टेकवलं. रंग दगडासारखा झाला होता, सुई आत जाईना. खाली पुरुषांचा गलका ऐकू येत होता, त्यात ह्यांचाही आवाज होता, कुणाला तरी दोर धरायला सांगत होते. दाराच्या फळ्यांवर पाणी धडकलं आणि माडी हादरली. पोरं किंचाळली. मी अंगठ्याने जोर दिला. सुई आत गेली, दोरा कुरकुरत मागून आला.

जैनब माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"गाठ घट्ट मारा," ती म्हणाली.